सलूनचा आरसा आणि डावखुरा खुनी

खुनाच्या मालिकेत पहिल्याच प्रसंगात प्रेत लागतं. त्याशिवाय माणूस रिमोट खाली ठेवत नाही. तेव्हा हे घ्या प्रेत.

हॉलच्या मधोमध, जुन्या चादरीवर, कपाटाचं दार उताणं पडलंय. दाराला आरसा आहे आणि आरशाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलाय. शेजारी सुतार उकिडवा बसलाय. 'मी आलो तेव्हा हे असंच होतं' असा चेहरा त्यानं केलाय. सोफ्यावर इमारतीच्या सोसायटीचे सचिव, मांडीवर नियमावली. पलीकडे जेवणाच्या टेबलाशी, उशीवर कपाळ टेकवून, तोंड जमिनीकडे करून बसलेली एक बाई विचारतेय, "काय फुटलं?"

"काही नाही गं," तिचा नवरा म्हणतो.

"काही नाही, एवढ्या मोठ्यानं फुटत नाही. काय फुटलं?"

खुनी कोण हे उघड आहे. त्याच्या हातात अजून स्क्रू ड्रायव्हर आहे. प्रश्न फक्त हेतूचा.

*

या नवऱ्याला सगळी इमारत सेन्सॉरकाका म्हणते. उभी हयात बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला पूल आणि मोऱ्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी सिनेमे तपासायला घेतले. घरी बसून, सोफ्याच्या डाव्या टोकाला, मोठ्यानं.

मारधाडीच्या सिनेमात फळांची गाडी दिसली की काका सरसावून बसत. "आता ही जाणार." जायचीच. "बघ, संत्री. नेहमी संत्रीच उधळतात. आणि त्या फळवाल्याला नंतर कुणी विचारतं का, बाबा रे, तुझं कसं चाललंय?" नायक तिसऱ्या मजल्यावरून पडून लगेच पळायला लागला की काकांचा गुडघा दुखायचा.

घोड्यांच्या सिनेमांना ते घोडेपट म्हणत, आणि तो त्यांचा हळवा कोपरा होता. हळवा म्हणजे तिथं ते जास्त बोलत. "एक रस्ता, एक गुत्ता, एक बँक, एक तुरुंग. अरे, पण किराणा कुठे? पीठ कुठे दळतात? आणि गावाला पाणी कुठून येतं? टाकी नाही, पाइपलाइन नाही, आणि घोडे बघा केवढे!" गुत्त्यातल्या मारामारीत वरच्या मजल्याचा लाकडी कठडा मोडून कुणी खाली पडला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "कंत्राटदारानं खिळे खाल्ले."

खुनाच्या मालिका काकूंच्या. त्यांतही काका सुखानं बसू देत नसत. "घरात शिरल्यावर आधी दिवा लावावा की नाही? बटण दाराशेजारीच असतं. पण नाही! टॉर्च घेऊन हिंडायचं. आणि हा प्रयोगशाळेतला बघा, एका केसावरून खुन्याचं गोत्र सांगतोय. आपला साखरेचा रिपोर्ट दोनदा हरवला."

काकूंचं यावर लग्नापासून एकच उत्तर होतं. "अहो, गप्प बसा." त्या हे इतक्या सवयीनं म्हणत, की कधी काका सर्दीनं आवाज बसल्यामुळे खरंच गप्प असले, तरी मधून मधून म्हणून टाकत.

वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायच्या. त्यांना सिनेमा दिसायचा नाही, काकांचं परीक्षण मात्र खिडकीतून अथपासून इतिपर्यंत ऐकू यायचं. "काका," त्या जिन्यात म्हणायच्या, "कालचा सिनेमा मी न बघताच मला आवडला नाही."

(इथे जाहिरात. गुडघेदुखीचं तेल. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या नायकांनी वापरावं.)

*

तर हेतू. काकूंच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटला.

सिनेमाचा नव्हे, डोळ्याचा. "भिंतीवरचा रंग पोपडा धरून सुटतो ना, तसं समजा," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया करून त्यांनी तो जागेवर बसवला, आणि तो चिकटेपर्यंत आतून दाब राहावा म्हणून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. "आता सगळं त्या बुडबुड्यावर आणि तुमच्यावर. मान खाली. जेवताना, बसताना, झोपताना. मी सांगेपर्यंत."

काकांना हे चटकन समजलं. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीत त्यांनी जन्मभर बुडबुडाच पाहिला होता. बुडबुडा वर जातो. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे मागची बाजू वर हवी, म्हणजे तोंड जमिनीकडे.

"आणि मान वर झाली तर?" काकांनी विचारलं.

"होऊ द्यायची नाही," डॉक्टर म्हणाले.

कंत्राटदारांनी 'तिथे खांब घातला नाही तर?' असं विचारल्यावर काकाही नेमकं याच आवाजात उत्तर देत. त्यामुळे त्याचा अर्थ त्यांना माहीत होता. घरी येताना रिक्षात ते काही बोलले नाहीत. रस्त्यात एक फळांची गाडी लागली, तरी नाही.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला 'मान खाली घाल' असं म्हणायची वेळ काकांवर कधी आली नव्हती. घरातला तो विभाग काकूंकडे होता. आणि आता दिवसभर तेच एक वाक्य. दूध उतू गेल्याचा वास आला, काकूंची मान वर. "मान खाली!" दाराची बेल वाजली, मान वर. "मान खाली!" काकांनी स्वयंपाकघरात कुठलासा डबा उघडला, त्या नुसत्या आवाजावरून त्यांना कळलं की तो चुकीचा डबा आहे, आणि मान वर. "अगं, मान!"

"मग डबा नीट उघडा ना! मी काय मुद्दाम करते?"

मुद्दाम करत नव्हत्या. ही बाई जन्मात कधी एका जागी बसलेली नव्हती. झोपेतसुद्धा ती घडी घालायला पांघरूण ओढायची. फक्त एका वेळी ती दगडासारखी स्थिर असायची: संध्याकाळी, खुनाची मालिका चालू असताना. तेव्हा शेजारी पाटा आपटला तरी पापणी हलत नसे.

डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, "दुसऱ्या डोळ्यानं टीव्ही बघायला हरकत नाही. मान खाली ठेवून तो कसा बघायचा, ते तुमचं तुम्ही बघा."

काका भ्यायले होते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भ्यालेला ओव्हरसियर जे करतो ते त्यांनी केलं. काम काढलं.

*

पहिला प्रयत्न दाढीच्या आरशाचा. टेबलावर उशी, उशीवर काकूंचं कपाळ, खाली स्टुलावर तिरका ठेवलेला आरसा, समोर भिंतीवर टीव्ही.

"काय दिसतंय?"

"एक नाक."

"कुणाचं?"

"मला काय माहीत! नाकावरून ओळखायला मी काय तुमच्या त्या प्रयोगशाळेत आहे?"

आरसा मोठा हवा होता. घरात मोठा आरसा एकच, कपाटाच्या दाराला. तो दारात असा रुतून बसलेला, की सुतार म्हणाला, "आरसा नाही निघायचा, काका. दार निघेल." मग दारच काढायचं ठरलं. पण सुताराची हत्यारं लिफ्टपाशी पोचताच सचिव पोचले. सचिव म्हणजे मूर्तिमंत नियमावली. पुस्तक नेहमी काखेत. पावसात ते भिजत, पुस्तक नाही.

"दुरुस्ती आहे की नूतनीकरण?" त्यांनी विचारलं.

"आरसा आहे."

"आरसा कुठल्याच कलमात येत नाही."

"मग नियम लागू नाही!"

"तसं नसतं, काका. जे कुठल्याच कलमात येत नाही त्याला जास्त परवानग्या लागतात."

काकांनी अर्ज केला. विषय: आरसा. अर्ज परत आला, शेरा: 'आरशाचा हेतू स्पष्ट नाही.' काकांनी लिहिलं, 'बघण्यासाठी.' तो परत आला: 'कुणी, काय?' खात्यात असताना काकांनी असे शेरे मारून भलेभले कंत्राटदार रडवले होते. आता ते शेरे असे घरचा रस्ता विचारत आले, याचं त्यांना फार लागलं. त्यांनी तिसरा अर्ज केलाच नाही आणि सुताराला बोलावलं. सुताराच्या मागोमाग सचिव प्रत्यक्ष पाहणीला आले, सोफ्यावर टेकले, आणि दाराची शेवटची बिजागरी सुटली ती बरोबर त्याच क्षणी.

तर प्रेताचा प्रसंग तो. फक्त सुरुवातीला एक गोष्ट दाखवायची राहिली. दार आपटल्याबरोबर काकूंची मान ताडकन वर झाली.

"मान खाली!" काका ओरडले. आवाज असा होता, की सुतारानं मान खाली घातली. दारात 'काय झालं' म्हणून धावत आलेल्या वरच्या बाईंनीही घातली. सोफ्यावरच्या सचिवांनी तर नियमावलीत नाक खुपसलं. काकूंनी घातली सगळ्यांच्या शेवटी.

सचिवांनी हळूच नजर वर केली, तर काका स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं घड्याळातले सेकंद मोजत होते.

"किती वेळ वर होती?" काका पुटपुटले. "एवढ्यानं काही होत नाही ना? एवढ्यानं नाही होत."

सचिवांनी पुस्तक मिटलं. "काका," ते म्हणाले, "परवानगी आधीपासून होती असं समजा." आणि थोडं थांबून, "मंजुरीचा कागद माझ्याकडून गहाळ झालाय."

इमारत उभी राहिल्यापासून त्यांच्याकडून कागद गहाळ झाल्याची ही पहिली वेळ.

*

तडा गेलेल्या आरशात इन्स्पेक्टरचे दोन तुकडे दिसत आणि दोघंही एकमेकांवर संशय घेत. तो रद्द झाला. कपाटाचं दार गेलं ते गेलंच, आणि काकांचे जुने कोट येणाऱ्या-जाणाऱ्याला दर्शन द्यायला मोकळे झाले.

ही हकिगत काकांनी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये सांगितली. सलूनवाला कात्री थांबवून ऐकत होता. "भांग डावीकडेच ना, काका?" त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं. उरल्यासुरल्या केसांत भांग पाडायला फारसा वाव नव्हता, पण तो रोज विचारायचा. त्यानं काकांना बरं वाटायचं. मग त्यानं गळ्याचं कापड झटकलं, हातोडी घेतली आणि शेवटच्या खुर्चीसमोरचा आरसा भिंतीवरून उतरवला.

"अरे, गिऱ्हाइकं काय बघतील?"

"भिंत बघतील. त्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं आता माझ्यावर विश्वास ठेवायचा. न ठेवून सांगतो कुणाला?"

आरसा त्यानं स्वतः पाठीवर घालून आणला. सुतारानं टेबलाला एक चौकट केली, वर घोड्याच्या नालाच्या आकाराची गादी. काकूंनी त्यात चेहरा ठेवला. आरसा तिरका लावला. टीव्ही चालू केला. घोडेपट लागला होता.

"दिसतंय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "पण घोडे पाय वर करून पळताहेत."

खरंच, चित्र उलटं होतं. आभाळ खाली, वाळवंट वर, आणि घोडेस्वार वटवाघळासारखे लटकत दौडताहेत. मग सल्ले सुरू झाले. सचिव म्हणाले, काकूंना फिरवा. वरच्या बाई म्हणाल्या, दुसरा आरसा लावा. सलूनवाला म्हणाला, अजून एक आरसा उतरवला तर मला दुकानाचं नाव बदलावं लागेल. शेवटी सुतार कान खाजवत म्हणाला, "टीव्हीच उलटा लावू. उलट्याचं उलटं म्हणजे सुलट."

काकांनी आधी टीव्हीच्या कंपनीला फोन लावला, कारण वॉरंटी होती आणि काका वॉरंटीला भीत.

"तक्रार काय आहे, सर?" पलीकडून एक गोड आवाज.

"चित्र सुलट दिसतंय."

"...आणि तक्रार?"

"हीच. मला ते उलटं हवंय."

"सर, सुलट दिसणं ही तक्रार म्हणून नोंदवता येत नाही."

"मग सल्ला म्हणून नोंदवा. टीव्ही डोक्यावर उभा केला तर चालेल का?"

पलीकडे बराच वेळ संगीत वाजलं. मग गोड आवाजानं विचारलं, "सर, घरात आणखी कुणी मोठं माणूस आहे का, ज्यांच्याशी बोलता येईल?"

टीव्ही उलटा लागला. आणि आरशात सगळं कसं जागच्या जागी आलं: आभाळ वर, वाळवंट खाली, घोडे पायांवर. अक्षरं तेवढी आडमुठी निघाली. ती अजूनही मागून पुढे पळत होती. "अक्षरांचं काही मनावर घेऊ नकोस," काका म्हणाले. "ती मी वाचून दाखवीन."

त्यासाठी त्यांना आरशाजवळ बसणं भाग होतं. सोफ्याचं डावं टोक सोडून ते टेबलाखाली, फरशीवर, स्टुलाच्या बाजूला बसू लागले. आरशाच्या एका कोपऱ्यात त्यांचं डोकं काकूंना दिसायचं, आणि काकूंच्या चेहऱ्याचा एक तुकडा त्यांना. सोफ्यावरून टीव्ही बघायचा तर उलटा दिसला असता, हे खरं. पण सुलट दिसला असता तरी ते तिथंच बसले असते, हेही खरं.

(इथे जाहिरात. काकू चौकटीत असताना काकांनी केलेला चहा. चव सांगता येत नाही. पण पिणारीनं तक्रार केली नाही. मान खाली होती.)

*

आणि चालू झाली ती मालिका. एका बंगल्यात एक श्रीमंत म्हातारा मेलेला. घरात त्याची दुसरी बायको, पुतण्या, वकील, आचारी आणि घराण्याचे जुने डॉक्टर. इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन हिंडला. ("बटण दाराशेजारी असतं," काका म्हणाले.) जखम बघून त्यानं कॅमेऱ्याकडे वळून जाहीर केलं: "खुनी डावखुरा आहे!"

"हात बघा!" काकू म्हणाल्या. "आता सगळ्यांचे हात बघा!"

दोघांनी हात बघितले. पुतण्यानं सही केली, डाव्या हातानं. "सापडला!" काका म्हणाले. तेवढ्यात बायकोनं फोन उचलला, डाव्या हातानं. वकिलानं पेन डाव्या हातात धरलं. आचाऱ्यानं कांदा डाव्या हातानं कापला.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "सगळं घरच डावखुरं!"

"आनुवंशिक असेल."

"आचाऱ्याचं?"

"संगत."

आता तुम्ही म्हणाल, यांच्या लक्षात कसं नाही आलं? मी तरी काय सांगणार? अक्षर उलटं झालं की माणसाला लगेच कळतं. माणसं उलटी झाली तर चालवून घेतो. आधी दिसलेल्या घोडेपटात एकजात सगळ्यांनी डाव्या हातानं पिस्तुलं काढली, तेव्हाही काका कौतुकानंच म्हणाले होते, "हल्ली डाव्या हाताची फॅशन आहे."

त्या बंगल्यात उजव्या हातानं चहा पिणारा एकच माणूस, म्हातारे डॉक्टर. त्यांचं नाव दोघांनी पहिल्याच दिवशी वगळलं. उरलेल्यांत हेतू कुणाला? पुतण्याला. काकूंनी शिक्कामोर्तब केलं. आणि त्या रोज संध्याकाळी चौकटीत चेहरा घालून अशा स्थिर बसत, की बुडबुड्यानं आपलं काम निवांत करावं. जाहिराती लागल्या की हलायला बघत, म्हणून काका जाहिरातींवरही बोलू लागले.

एक दिवस ते बोलायचे थांबले. घसा बसला होता.

"अहो," आरशातून आवाज आला.

"काय गं?"

"काही नाही. आवाज येईना, म्हणून."

हे इमारतीत कुणाला सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. काकांनी सांगितलं नाही.

*

जिन्यात सचिव भेटले. तेही मालिका बघायचे, आपल्या घरी, सरळ टीव्हीवर.

"डॉक्टर!" सचिव म्हणाले. "अहो, उघड आहे. अख्ख्या घरात तोच एक डावखुरा."

काका थबकले. "कोण? डॉक्टर? अहो, तोच एक उजवा! बाकी सगळे डावरे."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, काका. कप डाव्या हातात."

"मीही डोळ्यांनीच बघतो. आणि खात्यात या डोळ्यांना एक सूत वाकडा खांब दिसायचा!"

"मग आता चष्मा बदला."

हे जिव्हारी लागलं. एवढ्यात वरच्या बाई उतरत होत्या, सलूनवाला आरसा कसा आहे बघायला चढत होता, साक्षीदार जमले. डोळा ही एक वस्तू अशी होती, की तिच्याविषयी काकांना सध्या कुणाचा विनोद सोसत नव्हता. त्यांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"पुतण्याच खुनी! नसला, तर महिनाभर टीव्हीपुढे तोंड उघडणार नाही. चकार शब्द नाही!"

मग वरच्या बाईंनी अतीव भक्तिभावानं विचारलं, "काका... खरंच? पूर्ण महिना?" आणि सलूनवाल्याच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला, की काकांचा मान, जो होता नव्हता तेवढा सगळा, पायऱ्यांवरून घरंगळत तळमजल्यावर गेला.

*

मालिकेचा शेवटचा भाग ज्या संध्याकाळी होता, त्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं.

खोलीत अंधार. डॉक्टर काकूंच्या डोळ्यात झोत टाकून बघत होते; एकदा, पुन्हा, मग दुसऱ्या बाजूनं. काका भिंतीला टेकून उभे. दार आपटलं होतं तो क्षण त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा चालत होता, आणि दर वेळी काकूंची मान जरा जास्त वेळ वर राहत होती.

डॉक्टरांनी दिवा लावला. बटण दाराशेजारीच होतं.

"छान चिकटलाय पडदा," ते म्हणाले. "तुमच्याइतकी स्थिर पेशंट मी बघितली नाही. करा मान वर."

काकूंनी मान वर केली. हळूच, चोरी केल्यासारखी. समोर काका होते. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुमचा भांग या बाजूला कधी आला?"

"भांग?" काकांनी डोक्याला हात लावला. "तो डावीकडेच असतो. जन्मापासून."

"रोज तर उजवीकडे दिसत होता. आरशात."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. काकांचा हात डोक्यावरून हळूहळू खाली आला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताकडे.

"म्हणजे..." काकू म्हणाल्या.

"म्हणजे डॉक्टर!" काका ओरडले.

"हो, बोला?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हीच खुनी!"

बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटांपैकी दोघं उठून घरी गेले, असं नंतर कळलं. डॉक्टरांना समजावून सांगायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागला.

*

परतताना काकू रिक्षातून सगळं बघत होत्या: पाट्या, झाडं, सिग्नलला थांबलेली माणसं. "फळांची गाडी बघा," त्या म्हणाल्या. "उभी आहे अजून." आणि मग, "अहो, सचिवांना लगेच सांगून टाका, आमचं मत बदललं म्हणून. भाग संध्याकाळी आहे, अजून वेळ आहे. महिनाभर तुम्ही गप्प? फुटाल."

"सांगतो," काका म्हणाले.

सचिव फाटकातच उभे होते. म्हणजे सहज उभे नव्हते. काखेत नियमावली नव्हती. "काय म्हणाले?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"चिकटला."

सचिवांनी चष्मा काढला आणि तो स्वच्छ असूनही पुसत बसले. सलूनवाला दुकानातून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून धावत आला. वरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं आणि उत्तर ऐकून आत जाऊन नाक शिंकरलं. ते खालपर्यंत ऐकू आलं. सुतार, ज्याला दुपारी टीव्ही सुलट करायला यायचं होतं, तो सकाळीच येऊन जिन्यात बसला होता.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसांनी आपले आरसे, हातोड्या, कलमं, सगळं त्यांच्या दारात आणून टाकलं होतं. परतफेड कशी करायची? आरसा परत जाईल, दाराला नवी काच बसेल. पण ते काही देणं नव्हे. या लोकांना काकांकडून नेमकं काय हवंय, हे जिन्यातल्या त्या दिवशी त्यांच्या तोंडांवर स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि ती अक्षरं उलटी नव्हती.

"संध्याकाळी या सगळे," काका म्हणाले. "पुतण्याच आहे. बघालच!"

काकूंनी त्यांच्याकडे चमकून बघितलं. मग पुढे झाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. योग्य डबा उघडला.

*

संध्याकाळी हॉल भरला. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना एका खोलीत जमवलं, बोट उचललं, ते सगळ्यांवरून फिरवलं आणि डॉक्टरांवर थांबवलं. घरात जल्लोष झाला. सचिवांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग एकदम ओशाळून म्हणाले, "काका, ते आपलं गमतीचं होतं. मनावर घेऊ नका."

काका उभे राहिले. पडलेला चेहरा करणं त्यांना फारसं जमत नव्हतं, आतून काहीतरी सारखं वर येत होतं, बुडबुड्यासारखं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसले. बोट उजव्या हाताचं होतं. सगळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या संध्याकाळी घोडेपट लागला. वरची खिडकी मुद्दाम सताड उघडी होती. बाई पहिल्यांदाच शांततेचा आनंद लुटणार होत्या. काकू मान ताठ ठेवून सोफ्यावर. काका शेजारी, ओठ आवळून. गावात एक रस्ता, एक गुत्ता, एक बँक. किराणा नाही. गुत्त्यात मारामारी पेटली. एक धिप्पाड माणूस वरच्या मजल्यावर रेलला, लाकडी कठडा कडाडला, आणि तो खाली टेबलावर कोसळला.

काकांनी सोफ्याची कड घट्ट धरली.

काकू थोडा वेळ वाट बघत राहिल्या. एकदा सवयीनं म्हणायला गेल्या, "अहो, गप्प..." आणि थांबल्या. मग पडद्याकडे, दोन्ही डोळ्यांनी, सरळ बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या:

"कंत्राटदारानं खिळे खाल्ले."

वरच्या खिडकीतून कुणीतरी खुदकन हसलं.

काकांनी मान खाली घातली, आणि बराच वेळ वर केली नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना.